गुणी संघ अटीतटीच्या सामन्यांत का हरतो? नेदरलँड्सच्या निमित्ताने

डावखुरा

विश्वचषक एकदाही न जिंकलेल्या संघांमध्ये सर्वांत थोर संघ कोणता, या प्रश्नाला फुटबॉल पाहणारा माणूस बहुधा एकच उत्तर देईल: नेदरलँड्स. १९७४, १९७८ आणि २०१० असे तीन अंतिम सामने हा संघ हरला. विश्वचषक आणि युरो (युरोपातल्या राष्ट्रीय संघांची स्पर्धा) या दोन स्पर्धांत मिळून आठ वेळा त्यांचा निकाल पेनल्टी शूटआउटवर, म्हणजे बरोबरी न सुटल्यास दोन्ही संघांनी आळीपाळीने मारायच्या पेनल्ट्यांवर, गेला आणि त्यांपैकी सहा वेळा तो विरुद्ध लागला. १९९२ मध्ये डेन्मार्क, १९९६ मध्ये फ्रान्स, १९९८ मध्ये ब्राझील, २००० मध्ये इटली, २०१४ आणि २०२२ मध्ये अर्जेंटिना, अशी ती यादी आहे. जमेच्या बाजूला २००४ चा स्वीडन आणि २०१४ चा कोस्टा रिका, एवढेच. या काळात त्यांच्याकडे खेळाडूंची वानवा होती असे त्यांचा शत्रूही म्हणणार नाही. क्रायफ, नीस्केन्स, व्हॅन बास्टेन, रायकार्ड, बर्गकॅम्प, सीडॉर्फ, रॉबेन, स्नायडर ही सगळी नावे ज्या देशाने दिली, त्याची लोकसंख्या आजही दोन कोटींच्या आत आहे.

मग सामना एका गोलाच्या अंतरावर आला की हा संघ अडखळतो का? ‘डच ऐनवेळी कच खातात’ हे उत्तर आपल्याकडे सर्रास दिले जाते आणि मला ते आळशीपणाचे वाटते. पन्नास वर्षांत खेळाडूंच्या चार पिढ्या बदलल्या, डझनावारी प्रशिक्षक आले आणि गेले. प्रत्येक पिढी नेमकी भित्रीच निपजली, यावर विश्वास ठेवणे कठीण आहे.

२९ जून २००० चा अॅमस्टरडॅममधला युरोचा उपांत्य सामना जरा जवळून पाहू. चारच दिवसांपूर्वी नेदरलँड्सने युगोस्लाव्हियाचा ६-१ असा धुव्वा उडवला होता. इटलीविरुद्ध ३४ व्या मिनिटाला झांब्रोटा दुसरे पिवळे कार्ड मिळून बाहेर गेला, म्हणजे जादा वेळ धरून जवळजवळ दीड तास इटली दहा जणांनिशी खेळत होती. ३८ व्या मिनिटाला डचांना पेनल्टी मिळाली; कर्णधार फ्रँक डी बोअरचा फटका इटलीचा गोलरक्षक टोल्डोने अडवला. ६२ व्या मिनिटाला दुसरी मिळाली. क्लायव्हर्टचा चेंडू खांबावर आदळला. सामना ०-० राहिला. शूटआउटमध्ये इटलीकडून पहिला आला दी बियाज्यो. दोनच वर्षांपूर्वी विश्वचषकात फ्रान्सविरुद्ध याच माणसाचा चेंडू आडव्या खांबाला लागून इटली बाहेर पडली होती. या वेळी त्याने गोल केला. नेदरलँड्सकडून पहिला आला पुन्हा डी बोअर, आणि टोल्डोने त्याला पुन्हा अडवले. स्टामचा फटका आडव्या खांबावरून थेट प्रेक्षकांत गेला. टॉटीने चेंडू हलकेच उचलून गोलच्या मध्यभागी टाकला, तोवर डच गोलरक्षक व्हॅन डेर सार एका बाजूला झेपावून मोकळा झाला होता. पुढे क्लायव्हर्टने गोल केला, मालदिनीचा फटका अडला, आणि टोल्डोने बॉसव्हेल्टला अडवताच सगळे संपले. एका संध्याकाळी डचांच्या सहा पेनल्ट्या आणि गोल एक. प्रशिक्षक रायकार्ड यांनी त्याच रात्री पद सोडले.

या सहा फटक्यांवर पुष्कळ बोलले जाते; मला मात्र त्यांच्या आजूबाजूचा दीड तास जास्त बोलका वाटतो. एक माणूस जास्त असूनही डच संघ तोच खेळ त्याच गतीने खेळत राहिला, जणू पुरेसा सुंदर खेळ झाला की गोल आपोआप होईल. इटलीच्या बचावफळीला मात्र नेमके काय करायचे ते पाठ होते. दहा जणांनी शून्य राखणे ही त्यांच्या लेखी नामुष्की नव्हती, रोजचे काम होते.

१९७४ च्या म्युनिकमधल्या अंतिम सामन्यातही हेच दिसते. पश्चिम जर्मनीच्या एकाही खेळाडूचा पाय चेंडूला लागण्याआधी डचांना पेनल्टी मिळाली आणि दुसऱ्याच मिनिटाला नीस्केन्सने ती सत्कारणी लावली. त्या सामन्यापर्यंत संपूर्ण स्पर्धेत त्यांच्यावर एकच गोल झाला होता, तोही क्रोलचा स्वयंगोल. आघाडी घेतल्यावर दुसरा गोल करून सामना संपवण्याऐवजी त्यांनी चेंडू इकडून तिकडे फिरवत ठेवला. युद्धात वडील आणि भावंडे गमावलेल्या व्हॅन हानेगमने पुढे मोकळेपणाने सांगितले की जर्मनांना खिजवायचे होते. २५ व्या मिनिटाला ब्राइटनरने पेनल्टीवर बरोबरी साधली, ४३ व्या मिनिटाला म्युलरने गोल केला, आणि त्यानंतर अर्धा सामना शिल्लक असूनही तो फिरला नाही.

माझे म्हणणे असे आहे. १९७४ चे प्रशिक्षक मिशेल्स आणि कर्णधार क्रायफ यांनी घडवलेली डच फुटबॉलची शाळा मनोमन असे मानते की नीट खेळले तर सामना अटीतटीचा होताच कामा नये, आणि झालाच तर आपण कुठेतरी वाईट खेळलो. त्यामुळे एका गोलाची आघाडी सांभाळणे, समोरच्याची लय तोडणे, कॉर्नरच्या झेंड्यापाशी चेंडू अडवून धरणे, पेनल्ट्या कोणी कोणत्या क्रमाने मारायच्या हे आधी ठरवणे, ही सगळी कामे तिथे हलकी मानली गेली. ज्या कामाला घरात मान नाही, ते काम कोणी मन लावून शिकत नाही.

२०१० मध्ये बर्ट व्हॅन मार्वाइक यांच्या संघाने हा संस्कार बाजूला ठेवला. त्यांनी पिछाडीवरून ब्राझीलला २-१ हरवले, उरुग्वेला ३-२ हरवले, आणि अंतिम सामन्यात स्पेनला ११६ व्या मिनिटापर्यंत गोल करू दिला नाही, तेही बरीचशी लाथाळी करून. ६२ व्या मिनिटाला रॉबेन एकटा स्पेनचा गोलरक्षक कासियास याच्यासमोर होता आणि चेंडू कासियासच्या पायाला लागून बाहेर गेला नसता, तर आज हा धागा निघालाच नसता. त्या खेळावर सर्वांत कठोर जाहीर टीका कोणी केली असेल, तर खुद्द क्रायफ यांनी. कसेही करून जिंकायला निघालेल्या संघाला घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाने नाकारावे, हे दुसऱ्या कोणत्या फुटबॉलवेड्या देशात घडले असते, असे मला वाटत नाही.

शक्याशक्य

मांडणी वाचनीय आहे, पण आधी थोडे गणित करू. प्रत्येक शूटआउट ही निव्वळ नाणेफेक मानली, तर आठपैकी दोन किंवा त्याहून कमी जिंकण्याची शक्यता २५६ मध्ये ३७, म्हणजे साडेचौदा टक्के येते. सात तुल्यबळ संघ घेतले तर त्यांतल्या एकाच्या वाट्याला एवढे दुर्दैव निव्वळ योगायोगाने येईल. आपण निकाल पाहून मग संघ निवडतो आणि त्या संघाच्या स्वभावात कारणे शोधतो. जर्मनीने १९७६ ची युरोची हार सोडली तर या दोन स्पर्धांतले सहाही शूटआउट जिंकले, म्हणून त्यांच्या पोलादी मनाच्या कथा रंगल्या. सातपैकी किमान सहा जिंकण्याची योगायोगाने येणारी शक्यता सोळात एक आहे. कमी आहे, पण अजब नाही.

आपण इटलीचे उदाहरण दिले, पण १९९०, १९९४ आणि १९९८ असे सलग तीन विश्वचषक इटली शूटआउटवरच हरली होती. २००० च्या मे महिन्यात हा धागा निघाला असता तर शीर्षकात इटलीचे नाव असते आणि आपण त्यांच्या बचावात्मक संस्कृतीला दोष देत असता. १९७८ चा अंतिम सामना घ्या. ब्यूनस आयर्समध्ये १-१ बरोबरी असताना नव्वदाव्या मिनिटाला रेन्सेनब्रिंकचा चेंडू खांबावर लागला. तो काही इंच आत असता तर नेदरलँड्स विश्वविजेता झाला असता आणि सगळी शाळा योग्य ठरली असती. जादा वेळेत केम्पेस आणि बेर्तोनीने गोल केले, ३-१ झाले, आणि शाळा नापास झाली. काही इंचांवर एवढा मोठा सिद्धांत उभा करणे मला जड जाते.

प्रामाणिकपणे एक सांगतो. पेनल्टीवर साधारण चारपैकी तीन वेळा गोल होतो असे धरले, तर सहापैकी फार तर एक गोल होण्याची शक्यता दोनशेत एकाहूनही कमी येते. अॅमस्टरडॅमची ती संध्याकाळ माझ्या हिशेबात बसत नाही.

रंकाळा

कोल्हापुरातून लिहितो आहे. इथे बाद पद्धतीचा सामना बरोबरीत सुटला की टायब्रेकर (म्हणजे शूटआउट) ठरलेला असतो, आणि शाहू स्टेडियमवर तो पाहणे हा वेगळाच अनुभव आहे. पेठापेठांची ईर्ष्या, मैदानाला लागून बसलेले प्रेक्षक, आणि फटका मारायला मधल्या वर्तुळातून एकट्याने चालत येणारा पोरगा. गोल करणाऱ्यांची नावे दुसऱ्या दिवशी विसरली जातात. चुकलेल्याचे नाव तालमीच्या कट्ट्यावर वर्षानुवर्षे निघते. म्हणून गणितवाल्यांना एवढेच विचारावेसे वाटते की नाणे घाबरते का?

डी बोअरबद्दल मला कायम वाईट वाटत आले आहे. सामन्यातली पेनल्टी हुकलेली असताना शूटआउटमध्ये पहिला फटका त्याच गोलरक्षकासमोर त्यालाच घ्यायला लावणे, किंवा कर्णधार म्हणून त्याने स्वतः पुढे येणे, यांपैकी काहीही झाले असले तरी बाकावरच्या जाणत्या माणसाने त्याला थांबवायला हवे होते. कोल्हापुरातला कोणताही जुना प्रशिक्षक आधी डोळे बघतो आणि मग नाव घेतो. जो चेंडू मागतो त्याला द्यायचा आणि जो बुटाची नाडी बांधत बसतो त्याला सोडून द्यायचे, असा इथला साधा नियम आहे. २०१४ च्या उपांत्य सामन्यानंतर डच प्रशिक्षक व्हॅन गाल यांनीच सांगितले होते की पहिल्या फटक्यासाठी त्यांनी आधी दोघांना विचारले आणि मग व्लारवर वेळ आली. व्लार बचावफळीतला माणूस, त्या दिवशी मैदानावर अप्रतिम खेळलेला, आणि त्याचाच पहिला फटका अर्जेंटिनाचा गोलरक्षक रोमेरोने अडवला.

मधली फळी

@डावखुरा, आपल्या सिद्धांतात १९८८ कुठे बसते? त्या वर्षी मे महिन्यात पीएसव्ही आइंडहोव्हन हा डच क्लब युरोपियन कप जिंकला. उपांत्यपूर्व फेरीत बोर्दोविरुद्ध दोन्ही सामने बरोबरीत, उपांत्य फेरीत रेआल माद्रिदविरुद्ध दोन्ही बरोबरीत, आणि स्टुटगार्टमधला बेन्फिकाविरुद्धचा अंतिम सामना ०-०. शेवटच्या पाच सामन्यांपैकी एकही न जिंकता हा संघ युरोपचा विजेता झाला. शूटआउटमध्ये त्यांच्या सहाही जणांनी गोल केले आणि बेन्फिकाच्या व्हेलोसोचा फटका पीएसव्हीचा गोलरक्षक हान्स व्हॅन ब्रुकेलेनने अडवला. प्रशिक्षक होते गुस हिडिंक. याहून अटीतटीचे फुटबॉल कोणी खेळून दाखवावे!

महिनाभराने राष्ट्रीय संघाने युरो जिंकला, त्यांचा आजवरचा एकमेव मोठा चषक. तो सौंदर्याचा विजय म्हणून सांगितला जातो, कारण सर्वांना अंतिम सामन्यातला व्हॅन बास्टेनचा तो अशक्य कोनातला गोल आठवतो. वाट मात्र फार अरुंद होती. पहिला सामना सोव्हिएत संघाविरुद्ध ०-१ असा गेला. आयर्लंडविरुद्ध जिंकणे भाग होते आणि ८२ व्या मिनिटापर्यंत गोल नव्हता. तेव्हा कीफ्टच्या डोक्याला लागून गरगरत गेलेला चेंडू आत शिरला. हॅम्बुर्गमध्ये पश्चिम जर्मनीविरुद्ध आधी पिछाडी, मग कूमनची पेनल्टी, आणि ८८ व्या मिनिटाला व्हॅन बास्टेनचा गोल. अंतिम सामन्यातसुद्धा २-० असताना बेलानोव्हची पेनल्टी व्हॅन ब्रुकेलेनने अडवली. प्रशिक्षक कोण होते? मिशेल्स. तीच शाळा आणि तेच हेडमास्तर. त्या संघात व्हॅन ब्रुकेलेन, कूमन, व्हॅन आर्ले, व्हॅनेनबर्ग आणि कीफ्ट हे सगळे पीएसव्हीचे होते.

डावखुरा

@मधली फळी, हे उदाहरण माझ्या विरुद्ध नाही, बाजूने जाते. पीएसव्ही १९८८ हा कारखान्याच्या गावचा संघ होता. फिलिप्सच्या कामगारांसाठी सुरू झालेला हा क्लब. न हरणे हेच त्यांचे शास्त्र होते. पीएसव्हीचे माजी प्रशिक्षक यान रेकर यांनी पेनल्टी घेणाऱ्यांच्या सवयींच्या नोंदी जमवलेल्या होत्या आणि व्हॅन ब्रुकेलेन त्यांचा उपयोग करत असे. म्हणजे अटीतटीची कारागिरी त्या देशात होती, एका कोपऱ्यात नीट जोपासलेली होती आणि तिने फळही दिले. प्रश्न असा आहे की युरोपियन कप जिंकलेला तो संघ डच फुटबॉलचा आदर्श म्हणून का मिरवला गेला नाही? गोडवे गायले गेले ते १९७४ च्या हरलेल्या संघाचे आणि सत्तरच्या दशकातल्या अयाक्सचे. मिशेल्स यांच्याबद्दल म्हणाल तर १९८८ चे मिशेल्स हे म्युनिकमध्ये हरून आलेले मिशेल्स होते. व्हॅन ब्रुकेलेन आणि कूमन यांना पुरेपूर वापरून घेण्याइतका व्यवहार ते तोवर शिकले होते.

@शक्याशक्य, काही इंचांचा मुद्दा मान्य आहे. त्या दोनशेत एकाचे काय करायचे, हे मात्र आपण सोडून दिलेत.

अॅमस्टेलवेनकर

गेली काही वर्षे नेदरलँड्समध्ये राहतो आणि मुलगा इथल्या एका छोट्या क्लबात खेळतो, म्हणून एक निरीक्षण. आमच्या भागात अगदी लहान मुलांचा सामना संपला की दोन्ही संघांतली सगळी मुले एकेक पेनल्टी मारतात. सामना ७-० असा हरलेला असो वा जिंकलेला, पेनल्टी असतेच. मुले रांगेत धक्काबुक्की करत उभी राहतात, कोणी उलट्या पायाने मारतो, गोलरक्षक दोन फटक्यांनंतर बदलतो, चुकलेल्यालाही पालक टाळ्या देतात आणि मग सगळे सरबत प्यायला पळतात. किती गोल झाले हे कोणी मोजत नाही. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला वाटले, या देशात तर पेनल्टीचे बाळकडूच मिळते, मग राष्ट्रीय संघाचे असे का होते?

आता वाटते की बाळकडू मिळते ते खेळाचे. हुकण्याला किंमत असते तेव्हा काय करायचे, हे त्या रांगेत शिकता येत नाही आणि पुढेही कोणी मुद्दाम शिकवत नाही. शूटआउट म्हणजे लॉटरी, तिचा सराव करून उपयोग नाही, असे इथे जाणती माणसेही सहज म्हणून जातात, आणि यात क्रायफ यांचे वजन मोठे होते. डावखुरा यांचा मानाचा मुद्दा मात्र तंतोतंत खरा आहे. २०१४ च्या विश्वचषकाआधी व्हॅन गाल यांनी पाच जणांची बचावफळी लावायचे ठरवले, तेव्हा इथे जी कुरकुर झाली ती ऐकण्यासारखी होती. पुढे त्या संघाने स्पेनला ५-१ धुतले आणि मेक्सिकोविरुद्ध ८८ व्या मिनिटापर्यंत मागे असताना स्नायडर आणि हुंटेलारच्या गोलांवर २-१ असा विजय मिळवला, तरीही ‘पण हा आपला खेळ नव्हे’ हे पालुपद संपले नाही.

सराव सामना

या विषयावर गेयर योर्डेट या नॉर्वेजियन संशोधकाने बरेच काम केले आहे आणि त्यातली एक गोष्ट इथे फार उपयोगी आहे. मोठ्या स्पर्धांतल्या शूटआउटमध्ये जो फटका गोल झाल्यास सामना तिथेच जिंकला जातो, तो ९२ टक्के वेळा गोल होतो. जो चुकल्यास सामना तिथेच हरला जातो, तो ६२ टक्केच. चेंडू तोच, अकरा मीटरचे अंतर तेच, खेळाडूही त्याच दर्जाचे. फरक आहे तो पुढे काय दिसते याचा. रंकाळा यांनी विचारलेल्या नाण्याचे उत्तर यात आले.

त्याचा दुसरा निष्कर्ष डचांच्या बाबतीत जास्त झोंबणारा आहे. ज्या संघांतल्या खेळाडूंनी क्लबकडून जास्त चषक जिंकलेले असतात आणि ज्यांच्याकडून अपेक्षा जास्त असतात, ते शूटआउटमध्ये तुलनेने वाईट ठरतात. दडपणाखाली माणूस ती वेळ लवकर संपवायला बघतो. पंचाची शिटी वाजताच पळत सुटतो, किंवा चेंडू ठेवून मागे जाताना गोलरक्षकाकडे पाठ करतो. इंग्लंडच्या खेळाडूंबाबत हे मोजून दाखवलेले आहे. योर्डेटने २००४ च्या नेदरलँड्स-स्वीडन शूटआउटमधल्या खेळाडूंच्या मुलाखतीही घेतल्या होत्या. त्यांच्या अनुभवांतून कळते की सर्वांत अवघड भाग फटक्याचा नसतो. मधल्या वर्तुळात उभे राहून वाट पाहणे आणि मग ते लांबलचक अंतर एकट्याने चालणे जास्त जिवावर येते.

मला डावखुरा यांच्या मांडणीत एवढीच दुरुस्ती सुचवायची आहे की गुण असणे हाच अडचणीचा भाग आहे. ज्याच्याकडून जिंकण्याची अपेक्षाच नसते, त्याला हरण्याची लाज कमी वाटते. १९९२ चा डेन्मार्क युगोस्लाव्हियाच्या जागी ऐनवेळी आलेला संघ होता. त्यांचे पाचही जण गोल करून गेले आणि डचांकडून फटका हुकला तो व्हॅन बास्टेनचा.

रंकाळा

वरचे वाचून क्रूलचा किस्सा लिहिल्यावाचून राहवत नाही. २०१४, साल्वादोर, कोस्टा रिका, ०-०. जादा वेळेचे शेवटचे क्षण चालू असताना व्हॅन गाल यांनी गोलरक्षक सिलेसनला बाहेर काढून दुसरा गोलरक्षक टिम क्रूलला आत आणले, केवळ शूटआउटसाठी. सिलेसनला आधी सांगितलेले नव्हते. त्याने बाहेर येताना बाटली लाथाडली. क्रूल प्रत्येक फटक्याआधी कोस्टा रिकाच्या खेळाडूपर्यंत चालत जाऊन काहीतरी बोलायचा. पाचही वेळा तो बरोबर बाजूला झेपावला आणि त्याने दोन फटके अडवले. डचांचे चारही जण गोल करून मोकळे झाले. ते सभ्य नव्हते, पण काम फत्ते झाले.

चारच दिवसांनी अर्जेंटिनाविरुद्ध तीच पाळी आली. मात्र ९६ व्या मिनिटाला थकलेल्या व्हॅन पर्सीच्या जागी हुंटेलारला आणताना तिसरा बदली खेळाडू वापरून झाला होता. क्रूल बाकावर बसून राहिला आणि गोलमध्ये तोच सिलेसन होता, ज्याच्यावर चार दिवसांपूर्वी सगळ्या जगासमोर अविश्वास दाखवला गेला होता. त्याला एकही फटका अडवता आला नाही. युक्ती एकदा करायची असेल तर ठीक. तिची सवय करायची असेल तर तिसरा बदल राखून ठेवायला हवा होता. आमच्याकडचे म्हातारे प्रेक्षक त्या रात्री टीव्हीसमोर हेच ओरडत होते.

शक्याशक्य

@रंकाळा, घाबरणाऱ्या नाण्याचा मुद्दा पोचला. सराव सामना यांचे ९२ आणि ६२ हे आकडे मला निर्णायक वाटतात, पण ते कोणत्याही देशाला लागू पडतात. त्यांतून डचांची शाळा दोषी ठरत नाही. पहिला फटका मारणाऱ्या संघाला फायदा होतो असेही एक संशोधन गाजले होते, त्यावरून वाद झाले आणि युरोपात क्रम बदलून पाहण्याचा प्रयोगही झाला. त्या हिशेबाने बघावे तर २०१४ आणि २०२२ मध्ये अर्जेंटिनाविरुद्ध पहिला फटका डचांचाच होता.

आणि व्हॅन ब्रुकेलेनच्या नोंदींचे म्हणाल, तर चार वर्षांनी डेन्मार्कविरुद्ध गोलमध्ये तोच होता आणि पाचपैकी त्याला एकही अडवता आला नाही. कारागिरी होती म्हणून १९८८ आणि नव्हती म्हणून १९९२, असे दोन्हीकडून म्हणता येणार नाही.

मधली फळी

२०२२ च्या लुसैलमधल्या सामन्याचा उल्लेख अजून नीट झाला नाही. ०-२ अशी पिछाडी, ८३ व्या मिनिटाला वेगहॉर्स्टचा गोल, आणि दुखापती वेळेच्या अकराव्या मिनिटाला ती फ्री किक. गोलपासून वीसेक मीटरवर चेंडू, जगातला प्रत्येक माणूस थेट फटक्याची वाट पाहत होता, आणि कूपमायनर्सने तो भिंतीच्या बाजूने हळूच वेगहॉर्स्टच्या पायात सरकवला. त्याने पाठीवर बचावपटू झेलत वळून गोल केला. विश्वचषकातून बाहेर पडायला काही सेकंद उरले असताना असली चाल खेळायला सराव लागतो आणि छातीही लागते. हा संघ अटीतटीचे खेळू शकत नाही, असे या गोलनंतर मी तरी म्हणणार नाही. मग शूटआउटमध्ये एमिलियानो मार्टिनेझने व्हॅन डाइक आणि बर्गहाउसचे पहिले दोन्ही फटके अडवले. यात शाळा कुठे आली?

डावखुरा

@मधली फळी, त्या फ्री किकवर आपले एकमत आहे. माझ्या मते त्या स्पर्धेतला तो सर्वांत हुशार गोल होता, आणि तो झाला व्हॅन गाल यांच्या हाताखाली, म्हणजे आयुष्यभर शाळेशी भांडलेल्या आणि तरीही शाळेचाच असलेल्या माणसाकडून. त्या संघाने शूटआउटची तयारीही केली होती, हे मला ठाऊक आहे. त्यामुळे ‘सराव नाही’ हे कारण २०२२ ला लागू होत नाही. तिथे सराव सामना यांचा मुद्दा पुढे येतो: समोर मार्टिनेझसारखा शूटआउट हीच आपली जागा मानणारा गोलरक्षक आणि आपल्याकडून पहिला येतो तो कर्णधार, जगातला नावाजलेला बचावपटू, पेनल्टी घेणे हे ज्याचे नेहमीचे काम नाही असा. २००० मध्ये डी बोअर, २०१४ मध्ये व्लार, २०२२ मध्ये व्हॅन डाइक. तीन वेगवेगळ्या पिढ्यांत पहिला फटका मधल्या बचावपटूकडे गेला आणि तिन्ही अडवले गेले. @शक्याशक्य, याची शक्यता आपण काढालच, पण ही निवड नाण्याने केलेली नव्हती, बाकावरच्या माणसांनी केली होती. पेनल्टी हे कसब न मानता धैर्याचे काम मानले, की ती कर्णधाराकडे किंवा त्या दिवशी सर्वांत शूर खेळलेल्या माणसाकडे जाते.

व्हॅन ब्रुकेलेनबद्दल: गोलरक्षकाच्या नोंदींनी फार तर एखादा फटका अडतो. १९९२ मध्ये तो एक अडला नाही, यावरून नोंदी निरुपयोगी ठरत नाहीत.

शक्याशक्य

पेनल्टीवर चारात एक हुकते असे धरले तर सलग तिघे हुकण्याची शक्यता चौसष्टात एक. पण आपण आठ शूटआउटमधून सोयीचे तीन निवडले आहेत, त्यामुळे हा आकडा मी गंभीरपणे घेणार नाही.

मार्च २०२५ मधला नेशन्स लीग या युरोपीय स्पर्धेतला स्पेनविरुद्धचा सामना मात्र या यादीत जोडायला हवा. व्हॅलेन्सियात डच संघ तीनदा मागे पडला आणि तीनदा बरोबरीत आला. डेपाय आणि चावी सिमन्स यांनी सामन्यात डचांना मिळालेल्या दोन्ही पेनल्ट्यांवर गोल केले, त्यांतली दुसरी तर जादा वेळेत. मग शूटआउटमध्ये नोआ लांगचा फटका आडव्या खांबावर गेला, मालेनचा अडवला गेला, आणि स्पेनच्या यामालचा हुकूनही स्पेन ५-४ जिंकला. आता नवांत दोन झाले, म्हणजे माझे साडेचौदा टक्के नऊवर आले आहेत. आणखी एखादा हरले तर मला या धाग्यावर परत यावे लागेल.

मधली फळी

लांग आणि मालेन दोघेही आघाडीचे खेळाडू आहेत, मधल्या बचावफळीतले नाहीत. @डावखुरा, याचे उत्तर द्या.